वाट कोणी सोडायची

मोटारवाले सायकलवाल्यांना कसे कोपऱ्यात दाबतात, यावर पुष्कळ बोललं जातं आणि ते खरंही आहे. पण सायकलवाला सायकलवाल्यावरच ओरडतो, त्याला कट मारून पुढे जातो, ‘ए, बाजूला हो’ म्हणतो, त्याचं काय? पुण्याला लेकीकडे राहायला गेले की हे मला सकाळी सकाळी दिसतं. लोक त्याला वाहतुकीचा प्रश्न म्हणतात, मला तो धर्माचा वाटतो. मी खर्ड्याची. शाळेत विज्ञान शिकवलं आणि घरात पिढ्यान्‌पिढ्यांची माळ. या दोन्ही अंगांनी या प्रश्नाकडे बघितल्याशिवाय मला राहवत नाही.

सिंहगड रस्त्यावर उजाडता उजाडता दोन तऱ्हेच्या सायकली भेटतात. एक खडकवासल्याकडे, सिंहगडाच्या पायथ्याकडे निघालेल्या. बारीक टायर, गिअर, मागे लुकलुकणारा लाल दिवा, चालवणाऱ्याच्या अंगात घट्ट रंगीत जर्सी. दुसऱ्या सायकली रात्रपाळी करून घरी निघालेल्या वॉचमनच्या, पेपर टाकणाऱ्या पोरांच्या, सोसायट्यांतून गाड्या पुसायला जाणाऱ्यांच्या. त्यांचं चेनकव्हर खडखडतं, कॅरिअरला डबा बांधलेला असतो, दिवा बहुधा नसतोच. पहिले सायकल चालवायला बाहेर पडलेले असतात, दुसरे कुठेतरी पोचायला.

एका सकाळी या दोघांची समोरासमोर गाठ पडली ती मी फुटपाथवरून पाहिली. वॉचमन उलट्या बाजूने येत होता. दुभाजकातली फट बंद झाल्यापासून पलीकडच्या गल्लीत शिरायला त्याला पार पुढच्या चौकापर्यंत जाऊन परत यावं लागतं, म्हणून तो कडेकडेने उलटा येतो. समोरून दोघे-दोघे, तिघे-तिघे शेजारी असा जर्सीवाल्यांचा घोळका वेगात आला. पुढच्याने ब्रेक दाबला, मागचा त्याच्यावर आदळता आदळता राहिला. कोणाला लागलं नाही. पण त्यानंतर जे झालं ते लागण्यासारखंच होतं. ‘अक्कल आहे का तुला? आंधळा आहेस?’ ओरडणारा तिशीतला असेल, वॉचमन साठीच्या पुढचा. तो खाली उतरला, सायकल उचलून फुटपाथच्या कडेला घेतली आणि मान खाली घालून म्हणाला, ‘चुकलं साहेब.’ घोळका पुढे गेला. जाता जाता शेवटच्याने आणखी एक शिवी दिली.

नियमाने बघितलं तर चूक वॉचमनची. मी ती झाकणार नाही. तीन-तीन जण शेजारी जाणं हीही चूकच, पण ती त्या सकाळी कोणी बोलून दाखवली नाही. माझा प्रश्न चुकीच्या पुढचा आहे. चूक घडली, अपघात टळला, सगळे धडधाकट उभे आहेत. त्या क्षणी वडिलांच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे करण्याची ताकद त्या तरुणाच्या तोंडात कुठून आली?

मला वाटतं ती दोन ठिकाणांहून येते. पहिलं ठिकाण म्हणजे पुण्याईचा गर्व. हे लोक वाईट नाहीत. पेट्रोल जाळत नाहीत, धूर सोडत नाहीत, स्वतःच्या पायांवर चाळीस-पन्नास किलोमीटर जाऊन येतात. कधी काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात सायकल जिवंत ठेवणाऱ्यांत तेही आहेत. 2017 साली महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, त्यामागे अशाच मंडळींचा आग्रह होता. पण आपण चांगलं काम करतो आहोत ही जाणीव माणसाला अलगद एका उंच ओट्यावर नेऊन बसवते. मग रस्ता आपल्या चांगुलपणाचं देणं लागतो असं वाटू लागतं, आणि जो मध्ये येईल तो त्या चांगल्या कामातलं विघ्न ठरतो. वारकऱ्यांना हा धोका फार आधी कळला होता. म्हणून तर वारीत थोरलाही धाकट्याच्या पाया पडतो. चालून चालून पायांत गोळे आलेत, उपास झालेत, अभंग तोंडपाठ आहेत, अशा माणसाच्या अंगात मी कोणीतरी झालो हे वारं शिरायला वेळ लागत नाही. ते शिरू नये म्हणून दर भेटीत वाकायचं.

दुसरं ठिकाण शरीरात आहे आणि तिथे माझं विज्ञान उपयोगी पडतं. सायकल आणि माणूस मिळून ऐंशी किलो धरा. ताशी 20 किलोमीटर वेगाने जाताना त्यांच्यात सुमारे 1235 ज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग 30 केला की ती 2778 च्या घरात जाते. वेग दीडपट, ऊर्जा सव्वादोन पट. मोटारवाल्याने ब्रेक मारला तर ती ऊर्जा पेट्रोलची जाते. सायकलवाल्याने मारला तर त्याच्या मांड्यांची जाते. त्याने एकेक पायडल मारून कमावलेली गती रबराच्या दोन तुकड्यांत नाहीतर डिस्कच्या पत्र्यात ऊब होऊन संपते, आणि पुन्हा शून्यातून कमवावी लागते. म्हणून सायकलवाल्याला थांबणं जिवावर येतं. सिग्नल तोडणारे, झेब्रा क्रॉसिंगवर म्हाताऱ्या माणसाच्या पाठीमागून सुळकन जाणारे सायकलवाले सगळेच उद्धट नसतात. पुष्कळांना हातची गती सोडवत नाही, एवढंच. हे कळल्यापासून मला त्यांचा राग कमी येतो, पण त्यांच्याकडून अपेक्षा वाढली आहे. कारण थांबणं फुकट असतं तर त्याला किंमत नसती. घामाची वस्तू दुसऱ्यासाठी सोडायची, यालाच आपल्याकडे दान म्हणतात.

इथे मला नाथमहाराज आठवतात. पैठणहून निघालेली एकनाथ महाराजांची पालखी पाटोदा, दिघोळ करत आमच्या खर्ड्याला येते आणि पुढे परंड्याच्या बाजूने पंढरपूरला जाते. ज्येष्ठ सरत आला की गावाला तिची चाहूल लागते. त्यामुळे नाथांची गोष्ट आम्हाला पुस्तकातली वाटत नाही, आमच्या वेशीवरून जाणाऱ्या माणसाची वाटते. परंपरेने सांगितलेली ती कथा मराठी माणसाला माहीत आहे. काशीहून गंगेचं पाणी कावडीने रामेश्वराला नेताना वाळूत तहानेने तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात ओतलं. कीर्तनात या कथेचा भर बहुतेक वेळा भूतदयेवर असतो. मला त्यात कावडीचं ओझं दिसतं. ते पाणी विकत घेतलेलं नव्हतं. शेकडो कोस खांद्यावरून आणलं होतं, थेंब सांडू नये म्हणून पावलं जपून टाकली होती. बरोबरीचे यात्रेकरू हळहळले असतील ते उगाच नाही. वाटेतल्या जिवासाठी नाथांनी स्वतःच्या शरीराची कमाई ओतून टाकली आणि रामेश्वर तिथेच पोचलं असं मानलं. खडकवासल्याला निघालेल्या सायकलस्वाराने वॉचमनसाठी ब्रेक दाबला तेव्हा त्याच्याही हातात तसंच काहीतरी होतं. त्याने ते ओतलं, पण शिवी देत ओतलं. म्हणजे कावडही रिकामी झाली आणि गाढवही तहानलेलं राहिलं.

इव्हान इलिच नावाचे एक विचारवंत होते, मूळचे कॅथलिक धर्मगुरू, पुढे मेक्सिकोत राहून लिहीत असत. 1974 साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘एनर्जी अँड इक्विटी’ या निबंधात त्यांनी सायकलची फार थोरवी गायली आहे. वाहनांचा वेग ताशी 25 किलोमीटरच्या आसपास गेला की समाजातली समता ढासळू लागते, मूठभरांच्या घाईसाठी बाकीच्यांचा वेळ आणि जागा खर्ची पडते, असं त्यांचं म्हणणं. चालणाऱ्याच्या तीन-चार पट वेग आणि तरीही पाचपट कमी ऊर्जा देणारी सायकल म्हणून त्यांना न्यायाचं वाहन वाटली. त्यांचा हा विचार मला मोठा वाटतो, पण सायकलला त्यांनी जरा जास्तच निर्मळ मानलं. सायकलींमध्येही आता ताशी 12 आणि ताशी 32 असे दोन वर्ग झालेत. विषमता एका वाहनातून उतरते आणि दुसऱ्यावर बसते. तिला फक्त थोडा जास्तीचा वेग लागतो.

सायकलवाले एकमेकांना मोटारींच्या जाचातले भाऊ मानतील अशी माझी एक भाबडी समजूत होती. खर्ड्याच्या माणसाने खरं तर असं मानायला नको. आमच्या मातीत 11 मार्च 1795 ला मराठ्यांनी निजामाला हरवलं. परशुरामभाऊ पटवर्धन, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, सगळे एका निशाणाखाली उभे होते. किल्ला बघायला आलेल्या पाहुण्यांना आम्ही हे छाती फुगवून सांगतो. पुढचं फारसं सांगत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, सरदारांची आपसात जुंपली, आणि 25 ऑक्टोबर 1802 ला हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. वर्ष संपता संपता वसईचा तह झाला. समोर एकच शत्रू असला की माणसं एका रांगेत उभी राहतात, पण तेवढ्याने एकमेकांबद्दल आदर निर्माण होत नाही. तो वेगळा कमवावा लागतो. पुण्यातल्या पहाटेच्या रस्त्यावर मोटारी कमी असतात, म्हणजे शत्रू झोपलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच सायकलवाले सायकलवाल्यांवर खेकसतात.

एक गोष्ट मात्र जपून बोलली पाहिजे. नाथांच्या अंगावर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ दर वेळी शांतपणे गोदावरीत उतरून आंघोळ करून आले, ही कथा सांगून सोशिकपणा शिकवला जातो. ती मी वर्गात सांगितली आहे आणि मला ती प्रिय आहे. पण सोसायला कोणाला सांगायचं, हे सांगणाऱ्याने तपासून घ्यावं. वॉचमन सोसतच आला आहे. ‘बाजूला हो’ हे शब्द आपल्या मुलखात फार जुने आहेत. कोणी वाट सोडायची, कोणी वेशीपाशी वहाणा हातात घ्यायच्या, कोणी कोणाच्या दारावरून जाताना वाहनावरून खाली उतरायचं, हे जातीने ठरत असे. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांनी ते बघितलं आहे, काहींनी भोगलं आहे. मान खाली घालून सायकल उचलणारा तो माणूस कोणत्या जातीचा होता हे मला माहीत नाही. पण ते वाकणं मी ओळखलं. म्हणून नाथांची सहनशीलता मी वेगवान माणसाकडे मागते, हळू जाणाऱ्याकडे नाही. गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारं महाराचं पोर नाथांनी कडेवर उचलून त्याच्या आईकडे पोचवलं, तेव्हा वाट बदलली ती नाथांनी. वाट मोडण्याचा खर्च ज्याला परवडतो त्याने तो करायचा.

वेग आणि भक्ती एकत्र आली म्हणून हा खर्च टळत नाही. नाशिकच्या सायकलस्वारांनी 2012 पासून पंढरपूरची सायकल वारी सुरू केली आणि मग ठिकठिकाणाहून अशा वाऱ्या निघू लागल्या. मला त्याचा आनंद आहे. चाकांवर गेलं म्हणून विठ्ठल कमी भेटत नाही. पण एका वर्षी आमच्या खर्ड्याच्याच रस्त्यावर, पायी दिंडीच्या पाठीमागून घंट्या वाजवत आणि ‘साइड, साइड’ ओरडत गेलेला एक घोळकाही मी पाहिला. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका दचकून कडेच्या चिखलात उतरल्या. त्यांच्यातली एक ‘माउली, जा’ म्हणाली आणि हात जोडून उभी राहिली. सायकलवाल्यांपैकी एकजण मात्र थांबला, सायकल आडवी टाकली आणि तिच्या पाया पडला. मग तो चालत, सायकल हातात धरून, दिंडीच्या कडेने पुढे गेला. त्याचे सोबती तोवर लांब गेले होते.

माझे जावईही जर्सीवाल्यांतलेच आहेत आणि विचारी आहेत. त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘आई, गाढवाची काही चूक नव्हती. हा माणूस नियम मोडून येतो. मी हसून वाट दिली तर तो रोज उलटा येईल आणि एक दिवस ट्रकखाली जाईल. मग माझ्या दयेचा काय उपयोग?’ हे बोलणं मला खोडता आलं नाही. नाथांची गोष्ट इथे पुरी पडत नाही. मी एवढंच म्हणाले, की त्याला सांगा, जरूर सांगा, पण सायकलवरून उतरून सांगा आणि ‘अहो’ म्हणून सांगा. आणि सांगण्याआधी विचारा, की तुम्ही उलटे का येता.

त्यांनी विचारलं. वॉचमनने दुभाजकाचं सांगितलं. पायी जाणाऱ्यांना आणि सायकलींना पुरेल एवढी फट पुन्हा सोडावी, असा अर्ज जावयांच्या गटाने लिहिला. त्यावर वॉचमनची सही पहिली घेतली, गटातल्यांच्या सह्या त्याच्याखाली. अर्ज अजून पडून आहे. गटातल्या काहींना सह्यांचा हा क्रम आवडला नाही, त्यांनी सही केली नाही.

शेजारी-शेजारी चालवायचं की एकामागे एक, यावर आम्हा दोघांचं अजून जमलेलं नाही. ते म्हणतात, दोघे शेजारी असले की मोटारवाल्याला लांबून दिसतात, जीव वाचतो. ते खरं असेल. मी म्हणते, समोरून किंवा मागून कोणी साधी सायकल आली, की एका रांगेत या आणि वेग कमी करा. ते म्हणतात, त्याने पायांची लय तुटते. तुटू द्या, असं माझं म्हणणं आहे.