घाम वाळत नाही तिथे

बसा. सुरतेच्या भेस्तान स्टेशनाबाहेर एक सोडागाडी आहे, तिच्या सावलीला बाकडं आहे, असं धरून चाला. मे महिना, दुपारचे साडेतीन. सोडा इतक्यात मागवू नका. आधी नुसतं घामाकडे लक्ष द्या.

मानेवरून एक थेंब निघाला आहे. कुठवर जातो, बघा. कॉलरपाशी अडतो, मग पाठीवर उतरतो. वाळत मात्र नाही. जळगावात या वेळी पारा इथल्यापेक्षा वर असेल, पण तिथे घाम दिसतच नाही. आला की वारा उचलून नेतो, सदऱ्यावर मिठाचा पांढरा पट्टा तेवढा मागे राहतो. इथे समुद्र जवळ. हवेचं पोट आधीच भरलेलं आहे, तुमचा घाम ती कुठे ठेवणार?

एक श्वास घ्या. जड लागतो ना? तेच ते पाणी.

भेस्तान, पांडेसरा, उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात खानदेशातून आलेली कितीतरी घरं आहेत. लूमच्या आणि डाइंग-मिलच्या कामासाठी तापी खोऱ्याच्या गाडीने आलेली. अशा एखाद्या घरात गावाकडचा माठ असतो, गर्दीत मांडीवर सांभाळून आणलेला. आणि पहिल्याच उन्हाळ्यात तक्रार सुरू होते: इथं पाणी गार होत नाही भो. कुंभाराला बोल लागतो, नळाच्या पाण्याला लागतो. माठ बिचारा तोच असतो. तोही आपल्यासारखाच घाम गाळून गार होतो. त्याच्या अंगावरचं एक ग्रॅम पाणी वाळताना ५८० च्या आसपास कॅलरी उष्णता घेऊन जातं. इथे ते वाळेल तर ना. कोपऱ्यातला तो ओला माठ डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्याशेजारी स्वतःला बसवा. दोघांचं दुखणं एकच आहे.

आता मन बियरकडे गेलंच असेल. जाऊ द्या, ओढून आणू नका. नळातून पेल्यात उतरणारी, वर बोटभर फेस असलेली. पण हा गुजरात. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९६० साली दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. महाराष्ट्राने तो परमिटांनी सैल केला, गुजरातने घट्ट धरला. तापी खोऱ्याच्या रुळावर नवापूर लागतं. तिथे राज्याची हद्द फलाटावरूनच जाते, एका बाकाचं एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरं गुजरातेत. त्या बाकावर क्षणभर बसून बघा. ऊन दोन्ही टोकांना सारखंच.

आणि भेस्तानला उरतो सोडा. त्याला दुय्यम समजू नका, तो बियरच्याच घरचा आहे. १७६७ मध्ये इंग्लंडातल्या लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली बियरच्या भट्टीशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपावर एक वायू तरंगत असे. त्याने तो पाण्यात मुरवला आणि पाणी जिभेला झोंबू लागलं. तुमच्यापुढे येणार आहे तो बियरचा नुसता श्वास. नशा तिकडेच राहिली.

आता मागवा. आणि पाणी कसं येतं ते बघा.

गाडीच्या पोटात बर्फ आहे, बर्फातून नळीची वेटोळी गेली आहेत. उघड्यावर बियर पाजणारेही हीच युक्ती करतात: पिंप गार करत बसण्यापेक्षा वाटेतला घोट गार करायचा. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी गिळतो आणि तोवर शून्य अंशावरून हलत नाही. मला या चिकाटीचं फार कौतुक वाटतं. नळी गार नसेल तर वायू पाण्यात टिकत नाही. शून्य अंशाला लिटरभर पाण्यात साधारण १.७ लिटर वायू मावतो; पंचविसाला निम्माही नाही. मग पेल्यात नुसता फेस येतो आणि खाली कोमट, मेलेलं पाणी.

सोडावाला पेला गार पाण्याने विसळतो. पुसत नाही, ओल्या काचेवर फेस कमी उठतो. मीठ, जिरं, लिंबू आधी तळाला. पेला तिरपा. धार काचेच्या कडेवरून खाली. नवशिका उलटं करतो, भरल्या सोड्यात वरून मीठ टाकतो, आणि अर्धा पेला गाडीच्या पत्र्यावर उकळून जातो. याचा हात मात्र सावकाश. मागे पाळी सुटलेले सहा जण उभे आहेत, तरी सावकाश.

पेला हातात आला. पिऊ नका, धरा. गारवा आत येतोय असं वाटेल; खरं तर तळव्याची ऊब निघून चालली आहे. ती जाताना जाणवू द्या.

आता पेल्याच्या बाहेरून बघा. थेंब जमू लागले आहेत. आतला सोडा झिरपलेला नाही. हे हवेतलं पाणी. ज्याने तुमचा घाम वाळू दिला नाही, गावाकडचा माठ हरवला, तेच इथे काचेवर येऊन बसलं आहे. जळगावच्या कोरड्या दुपारी पेल्याला इतका पाझर फुटत नाही.

एक थेंब दुसऱ्याला मिळतो, जड होतो, तुमच्या करंगळीवरून मनगटाकडे उतरतो. मघाचा मानेवरचा थेंब आठवतो? हा त्याच वाटेचा, फक्त गार.

आता प्या. पहिला घोट नाकात झोंबेल. दुसरा हळू. मागच्याला पेला हवा आहे, तो काही बोलणार नाही, पण हवा आहे.