स्लॅब भरण्याआधीची चूक

सेंट्रिंगच्या टोळीत नव्याने आलेला पोरगा पहिले कित्येक महिने प्लायला तेल लावतो, उपसलेले खिळे ठोकून सरळ करतो, फळ्यांना चिकटलेले काँक्रीट खरवडतो, टेकू उचलून देतो. मिस्त्री ओळंबा लावतो तेव्हा तो शेजारी उभा असतो, पण ओळंब्यात काय पाहायचे हे त्याला कोणी सांगत नाही. विचारले तर काम खोळंबते. चुकला तर शिवी बसते, कधी मजुरीही कापली जाते. 'आम्हीही असेच शिकलो' हे या पद्धतीचे नेहमीचे समर्थन. माझे म्हणणे असे की या पद्धतीत पोरगा सर्वांत आधी आणि सर्वांत पक्के शिकतो ते चूक लपवणे. आणि सेंट्रिंगमधली लपवलेली चूक दुसऱ्या कुठल्याही सुतारकामापेक्षा महाग पडते.

दाराची चौकट बसली नाही तर रंधा मारता येतो, फार तर लाकूड वाया जाते. सेंट्रिंगच्या चुकीला मात्र मुदत असते, आणि ती काँक्रीट ओतायला सुरुवात झाली की संपते. सव्वाशे मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला तीनशे किलोच्या पुढे जाते. ओल्या काँक्रीटला स्वतःची ताकद शून्य, त्यामुळे सगळा भार प्लाय, बल्ल्या आणि टेकूंवर. कॉलमची पेटी ओळंब्यात नसेल तर आदल्या संध्याकाळी ती थोड्या वेळात सरळ करता येते. तीच गोष्ट दोन दिवसांनी उमगली तर छिन्नी-हातोडा, इंजिनिअरचा सल्ला आणि तोडफोड. टेकूखालचा भराव मऊ आहे, खाली फळी घातलेली नाही, एक क्लॅम्प सैल राहिला आहे: अशा बारीकसारीक गोष्टी बहुतेक वेळा ओतण्याआधी कोणाच्या तरी नजरेला पडलेल्या असतात. आणि तो 'कोणी' बरेचदा सर्वांत नवखा असतो, कारण स्लॅबच्या पोटाखाली वाकून टेकू देण्याचे काम त्याच्याकडे. मिस्त्री वर, इंजिनिअर त्याहून लांब. म्हणजे धोक्याच्या सर्वांत जवळचा माणूस तोच, ज्याला तोंड उघडण्याची सर्वांत जास्त भीती.

भीतीने चुका कमी होतात की फक्त दिसेनाशा होतात, या प्रश्नावर एक अभ्यास प्रसिद्ध आहे, तोही इस्पितळांतला. एमी एडमंडसन यांनी औषध देण्यातल्या चुकांवरचा शोधनिबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. चांगल्या चालणाऱ्या वॉर्डांत चुका कमी असतील ही त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले, तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. त्यांनी लावलेला अर्थ असा की त्या वॉर्डांतल्या परिचारिका चुका बोलून दाखवत होत्या, बाकीच्या ठिकाणी त्या दाबल्या जात होत्या. इस्पितळ आणि बांधकाम एक नव्हे, हे मान्य. पण वरच्याची मर्जी आणि खालच्याची रोजी यांचे गणित दोन्हीकडे सारखेच आहे.

हा प्रश्न मिस्त्रीच्या स्वभावाचा मानणे सोयीचे असते. मूळ मात्र पैशाच्या रचनेत आहे. ठेकेदाराला मोबदला मिळतो क्षेत्रफळावर. समजावून सांगण्यात किंवा पुन्हा तपासण्यात गेलेला तास कोणत्याच बिलात बसत नाही, आणि दुरुस्तीचा खर्च त्याच्या खिशातून जातो. म्हणून ठेकेदार तो खर्च खाली ढकलतो. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा शिकाऊ माणसाला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानतो. सेंट्रिंगवरचा हेल्पर मात्र रोजंदारीचा मजूर: त्याच्याकडून काम घ्यायचे असते, त्याला काही शिकवण्याचे बंधन कोणावर नसते. त्यात प्लाय आणि टेकू भाड्याचे असले की ते लवकर मोकळे व्हावेत अशी घाई. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, साध्या पोर्टलंड सिमेंटच्या कामात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्यापुढच्या गाळ्याला १४ दिवस, आणि सहा मीटरहून लांब तुळईखाली २१ दिवस ठेवायचे असतात. 'काढ' म्हटल्यावर 'अजून दिवस भरले नाहीत' असे हेल्परने म्हणायचे, तर त्याला हे आकडे कोणी तरी आधी सांगितलेले हवेत. २ मार्च १९७३ ला अमेरिकेत व्हर्जिनियातल्या बेलीज क्रॉसरोड्स येथे बांधकाम चालू असलेली उंच इमारत कोसळली आणि १४ कामगार मेले. वरच्या मजल्याखालचा आधार वेळेआधी काढणे हे त्यामागचे कारण ठरले.

म्हणून स्वतःहून सांगितलेल्या चुकीला दंड नको, असे म्हटले की पहिला आक्षेप येतो तो ढिलाईचा: माफी मिळते म्हटल्यावर पोरे बेफिकीर होतील. हा आक्षेप सगळ्या चुका एकाच पोत्यात भरतो. माहीत नसल्याने झालेली चूक, हात घसरून झालेली चूक आणि नियम ठाऊक असून मोडलेला नियम या तीन वेगळ्या गोष्टी. पहिलीला शिकवणी, दुसरीला तपासणी आणि तिसरीला शिक्षाच लागते; मी तिसरीबद्दल दया मागत नाही. मजुरी कापणारा मुकादम तिन्हींना एकच दंड लावतो आणि म्हणून एकही सुधारत नाही. 'मार खाऊन शिकलेले' उस्ताद मिस्त्री पुराव्यादाखल दाखवले जातात, तेव्हा त्याच माराने काम सोडून गेलेले किती, हे कोणी मोजलेले नसते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. शिकवलेला पोरगा दहा रुपये जास्त देणाऱ्या साइटवर निघून जातो. लहान ठेकेदाराने फुकट शाळा का चालवावी? त्याने चालवू नये, हेच खरे. तो खर्च इमारतीच्या मालकाने उचलायला हवा, कारण वाकडा कॉलम शेवटी त्याच्याच इमारतीत उभा राहतो. निविदेत ओतण्यापूर्वीच्या तपासणीचा आणि शिकाऊ हातांच्या प्रशिक्षणाचा वेगळा दर असावा. आणि ओतण्याआधी स्वतःहून सांगितलेल्या चुकीच्या दुरुस्तीचा पैसा मजुरीतून कापायचा नाही, ही अट करारात असावी.

मुंबई-पुण्यात ज्यांच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे अशा वाचकांना म्हणूनच एक विनंती. सभेत लिफ्टची कंपनी आणि टाइल्सचा रंग विचारून झाला की विकासकाला आणखी एक गोष्ट विचारा: स्लॅब ओतण्याच्या दिवशी टेकूखालचा हेल्पर 'थांबा' म्हणाला तर काम थांबते का, आणि त्या थांबलेल्या वेळेचे पैसे कोण देतो? उत्तर लेखी घ्या.