भिंतीवरचं युद्ध

रणांगणावरचे फोटो चित्रांसारखे भिंतीवर लावण्याची रीत जुनी आहे. १८५५ मध्ये छायाचित्रकार रॉजर फेंटन क्रिमियाच्या युद्धावरून परतला आणि लंडनच्या पॉल मॉल भागात, एरवी जलरंगातली चित्रं लावली जात त्या दालनात, त्याचे तीनशेहून अधिक फोटो मांडले गेले. त्याला क्रिमियाला पाठवणारा थॉमस अ‍ॅग्न्यू हा मँचेस्टरचा चित्रविक्रेता. म्हणजे दिवाणखाना असलेलं गिऱ्हाईक पहिल्यापासूनच नजरेसमोर होतं. फेंटनच्या फोटोंत तंबू आहेत, घोडे आहेत, ऐटीत बसलेले अधिकारी आहेत. मेलेला माणूस मात्र एकही नाही.

ती मर्यादा मोडली ती आपल्याकडे, लखनौला. नोव्हेंबर १८५७ मध्ये सिकंदर बागेत सुमारे दोन हजार बंडवाले शिपाई मारले गेले. पुढच्या वर्षी छायाचित्रकार फेलिस बिआतो तिथे पोहोचला. त्याचा फोटो जवळून पाहावा. मागे तोफांनी फोडलेली इमारत, पुढच्या अंगणात विखुरलेल्या कवट्या आणि हाडं, आणि मधे चार हिंदुस्थानी माणसं व एक घोडा. झाकलेले अवशेष बिआतोनं फोटोसाठी पुन्हा उघडे करायला लावले, असं जॉर्ज कॅम्पबेल या इंग्रज अधिकाऱ्यानंच आठवणींत लिहून ठेवलंय. स्वतःच्या सैनिकांचे मृतदेह दाखवायला कचरणाऱ्या ब्रिटिश समाजाला शत्रूची हाडं विकत घेताना संकोच वाटला नाही. त्या चार माणसांची नावं कुणी विचारली नाहीत, मेलेल्यांची तर नाहीच.

स्वतःचे मृत पाहण्याची वेळ अमेरिकेवर ऑक्टोबर १८६२ मध्ये आली. यादवी युद्धातल्या अँटिएटमच्या लढाईनंतर अलेक्झांडर गार्डनरनं टिपलेले मृतदेह मॅथ्यू ब्रॅडीनं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या दालनात मांडले. फोटो लहान होते, लोक भिंग लावून पाहत होते. त्यातला एखादा चेहरा प्रेक्षकांमधल्या बाईला आपल्या नवऱ्याचा किंवा मुलाचा म्हणून ओळखू आला तर काय, ही धास्ती तेव्हाच्या वर्तमानपत्रानं बोलून दाखवली. मला ही धास्ती मोलाची वाटते. तो मृत कुणाचा तरी आहे, याचं भान तिच्यात होतं.

पहिल्या महायुद्धात फोटो भिंतीएवढा झाला आणि हे भान मागे पडलं. १९१८ मध्ये लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार फ्रँक हर्लीची प्रचंड रणदृश्यं लागली, सर्वांत मोठं वीस फुटांहून रुंद. त्यातलं एक तब्बल बारा निगेटिव्ह जोडून केलेलं. एका निगेटिव्हमध्ये लढाई मावत नाही, हे हर्लीचं म्हणणं. ऑस्ट्रेलियाचे युद्ध-इतिहासकार चार्ल्स बीन यांच्या लेखी मात्र तो बनाव होता. मी बीन यांच्या बाजूचा आहे. हर्लीची तळमळ खरी होती, पण त्या भव्य आकाशाखाली प्रत्यक्ष पडलेला माणूस देखाव्याचा एक तुकडा होऊन गेला.

दुसऱ्या महायुद्धात, २३ फेब्रुवारी १९४५ रोजी, जो रोझेंथलनं जपानच्या इवो जिमा बेटावर झेंडा उभारणारे सहा अमेरिकी सैनिक टिपले. त्याच वर्षी तो फोटो पोस्टरवर आला, तिकिटावर आला, पुढे असंख्य भिंतींवर गेला. सहांपैकी तिघे त्याच बेटावर मारले गेले. आणि त्या सहांची नावं? एक १९४७ मध्ये दुरुस्त करावं लागलं, दुसरं २०१६ मध्ये, तिसरं २०१९ मध्ये. इतका पूजला गेलेला फोटो, आणि त्यातली माणसं नीट ओळखायला चौऱ्याहत्तर वर्षं लागली. लोक ते चित्र पाहत होते. त्यातल्या माणसांची ओळख अनेकांच्या लेखी गौण होती.

आपल्या घरांत वारलेल्या माणसाचा फोटो लावतात, तेव्हा बऱ्याचदा खाली नाव आणि जन्म-मृत्यूच्या तारखा असतात. पाहुणा विचारतो, घरातलं कुणीतरी सांगतं. फोटो लावणं म्हणजे त्या माणसाबद्दल सांगण्याची जबाबदारी घेणं, हा त्यामागचा साधा संकेत आहे. युद्धाच्या फोटोलाही तोच संकेत लागू करायला हवा. आज हे फोटो हव्या त्या मापात छापून, फ्रेम करून घरपोच मिळतात. छायाप्रकाश सुंदर असतो, काळा-पांढरा रंग सोफ्याला शोभतो, आणि फोटोखालची मूळची ओळ कापणीत गळून जाते.

युद्धाचे फोटो भिंतीवर नकोत, असं मी म्हणणार नाही. कपाटात कोंडले तर विसरणं आणखी सोपं होईल. पण लावणाऱ्यानं खाली चार गोष्टी लिहाव्यात: ठिकाण, तारीख, कुणी टिपला आणि कशासाठी टिपला. माणसं माहीत असतील तर त्यांची नावं, नसतील तर नावं ठाऊक नाहीत एवढं तरी. ज्या भिंतीवर या मजकुराला जागा नाही, तिथे तो फोटो लावू नये.