नजर मोजून झाल्यावर

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातल्या नेत्ररुग्णांचे कागद आहेत. डोळ्याला काय झालंय, किती दिसतंय, उपचारांनी काय फरक पडला याच्या नोंदी आणि सोबत डोळ्यांची चित्रं. वैद्याला ही मोजणी हवीच. नोकरी देणाऱ्यांनी मात्र तिच्यावरूनच माणसाची लायकी ठरवली, आणि न्यायालयांनाही त्यात फार काळ काही वावगं वाटलं नाही.

१९९५च्या अपंगत्व कायद्याने पहिला अडसर काढला. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढायचं नाही, झेपेल असं दुसरं काम द्यायचं, असं त्याचं ४७वं कलम सांगत होतं. पाय गमावलेल्या एका शिपायाला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये याच कलमाचा आधार दिला. पण हे छत्र आत असलेल्यांसाठी होतं. दाराबाहेर उभा असलेला उमेदवार उघड्यावरच राहिला.

असा एक उमेदवार तमिळनाडूतला. २०१४च्या दिवाणी न्यायाधीश भरतीत दृष्टिदोषाची मर्यादा ५० टक्के होती, त्याचा दोष ७० टक्के. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा योग्य ठरवली. मला हा निकाल आजही खटकतो. न्यायाधीशाला दिसलं पाहिजे, एवढ्यावर विचार थांबला. कागद वाचून दाखवणारा संगणक किंवा मदतनीस दिला तर हाच माणूस काय करू शकेल, हे तपासलंच गेलं नाही.

खरं तर २०१६चा नवा कायदा तोवर लागू झालेला होता. योग्य त्या सोयी नाकारणं हाच भेदभाव, असं तो स्पष्ट म्हणतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये, लेखनिक मागणाऱ्या एका परीक्षार्थीच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या निकालातली हीच उणीव दाखवली आणि नव्या कायद्याखाली तो बंधनकारक नाही असं सांगितलं. त्याच डिसेंबरात आणखी एक पाऊल पडलं: कारवाईमागच्या अनेक कारणांपैकी अपंगत्व हे एक असलं, तरी भेदभाव ठरू शकतो. २०२३ मध्ये रंग नीट न ओळखता येणाऱ्या अभियंत्याला तमिळनाडूच्या सरकारी वीज कंपनीने योग्य विभागात सामावून घ्यावं, असा आदेश झाला. मार्च २०२५ मध्ये, दृष्टिहीनांना न्यायसेवेतून वगळणारा मध्य प्रदेशचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

उमेदवाराला काय जमत नाही, याऐवजी मालकाने काय करून पाहिलं, हे आता विचारलं जातं. हा बदल मला अतिशय मोलाचा वाटतो. तरी २०१६च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये एक फट आहे: रास्त हेतूसाठी प्रमाणात केलेली कृती असेल, तर भेदभावालाही मुभा. हेतू रास्त आहे हे मालकाने पुराव्यानिशी दाखवायला हवं. नुसत्या वैद्यकीय दाखल्यावर ती मुभा मिळू लागली, तर तंजावरच्या एखाद्या उमेदवाराला मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापर्यंत जाऊनही २०१९चंच उत्तर मिळेल.