दाढेचें दुःख आणि दुःखाचें श्रेय

“त्याला अजून अक्कलदाढ यावयाची आहे” असें एखाद्या उनाड तरुणाविषयीं आपण बोलतों, तेव्हां दाढेचा व अकलेचा संबंध आपण गृहीतच धरलेला असतो. हा संबंध एकट्या आपणच जोडला आहे असें नाहीं. लॅटिन भाषेंतहि या दाढांना शहाणपणाचे दांत असेंच नांव आहे. आणि त्याचें कारण एवढेंच कीं, इतर सर्व दांत येऊन स्थिरस्थावर झाल्यावर, सतराव्यापासून पंचविसाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे मनुष्य संसाराला लागण्याच्या वयांत, त्या उगवतात. कित्येकांना त्या मुळींच येत नाहींत; परंतु अशा लोकांत मूर्खांचा भरणा अधिक असतो असें कोणीं दाखविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. ॲरिस्टॉटलनें आपल्या प्राणिविषयक ग्रंथांत या दाढा विसाव्या वर्षीं येतात असें सांगून, पुढें अशी नोंद केली आहे कीं, ऐशी वर्षें उलटलेल्या कांहीं स्त्रियांना त्या आयुष्याच्या अगदीं अखेरीस आल्या व येतांना फार दुखल्या. त्या बिचाऱ्या वृद्धांना अकलेचा उपयोग करावयास फारसे दिवस उरले नसतील. दुःख मात्र पुरतें भोगावें लागलें. दाढेबरोबर अक्कल येवो वा न येवो, दुःख येण्याचा संभव असतोच. आणि त्या दुःखाबरोबर नीतिशास्त्राचा एक जुना प्रश्नहि येतो. दुःख सोसणाराला आपण श्रेय देतों, तें नेमकें कशाचें देतों?

हा प्रश्न ग्रंथांत वाचून आम्हांस सुचलेला नाहीं. गेल्या वर्षीं आमची खालच्या जबड्याची डाव्या बाजूची अक्कलदाढ काढावी लागली, आणि त्या आठपंधरा दिवसांत स्वतःविषयीं जें आढळून आलें, त्यावरून तो आमच्यापुढें उभा राहिला.

मनुष्याचा जबडा बहुधा बत्तीस दांतांना पुरेसा लांब नसतो. शेवटची दाढ वर येऊं लागते तों पुढील दाढेनें जागा अडविलेली असते. मग ती वाकडी होते, कधीं हाडांत आडवी निजून राहते, कधीं अर्धी हिरडीबाहेर व अर्धी आंत अशी अडकते. अर्धवट झांकलेल्या दाढेवरील हिरडीच्या पदराखालीं अन्नाचे कण सांठतात, हिरडी सुजते, तोंड उघडेनासें होतें. आमच्या बाबतींत हा प्रकार तीन वेळां झाला होता आणि क्ष-किरणांच्या चित्रांत शेजारची चांगली दाढहि किडूं लागलेली दिसत होती. तेव्हां काढणें भाग होतें. परंतु जी दाढ आडवी असूनहि स्वस्थ पडून आहे, जिनें अद्याप कोणाचें कांहीं बिघडविलें नाहीं, तीहि पुढें त्रास देईल या भीतीनें काढावी काय? अमेरिकेंत तरुणपणींच अशा दाढा काढून टाकण्याची चाल मोठी आहे. इंग्लंडांत वैद्यकीय धोरण ठरविणाऱ्या सरकारी संस्थेनें २००० सालीं याच्या उलट सल्ला दिला. निरोगी दाढ केवळ संशयावरून काढण्याचा लाभ सिद्ध झालेला नाहीं, आणि शस्त्रक्रियेचे धोके मात्र खरे आहेत, असा त्या सल्ल्याचा रोंख होता. खालच्या दाढांच्या मुळांशेजारून ओंठाला संवेदना पुरविणारी नाडी जाते. तिला धक्का लागल्यास ओंठ बधिर होतो, आणि क्वचित् तसाच राहतो. अपराध घडण्यापूर्वीं शिक्षा देण्याचा न्याय आम्हांस दाढेच्या बाबतींतहि रुचत नाहीं. मात्र आमची दाढ निरपराधी नव्हती, आणि तरीहि आम्ही दोन वर्षें चालढकल केली, ती न्यायबुद्धीनें नव्हे. आम्ही भीत होतों.

ही भीति निराधार होती, हें येथें सांगितलें पाहिजे. दंतवैद्याच्या खुर्चीचें जें भय पिढ्यानपिढ्या चालत आलें आहे, त्याचें कारण नाहींसें करण्याच्या इतिहासांत अक्कलदाढेचा वांटा मोठा आहे. १८०० सालीं हंफ्री डेव्ही या विशी नुकत्याच ओलांडलेल्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें हास्यवायूवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ब्रिस्टल येथें तो स्वतःवरच या वायूचे प्रयोग करीत असे. त्याच सुमारास त्याची अक्कलदाढ येऊं लागून हिरडी सुजली होती. वायु हुंगतांच वेदना ओसरली व थोड्या वेळानें परत आली, असें त्यानें लिहून ठेविलें, आणि ज्यांत फार रक्तस्राव होत नाहीं अशा शस्त्रक्रियांत या वायूचा उपयोग होऊं शकेल असेंहि सुचविलें. पुढें चव्वेचाळीस वर्षें त्या सूचनेकडे कोणीं वळून पाहिलें नाहीं. हास्यवायु जत्रेंतल्या गमतीप्रमाणें लोकांना हुंगवून हंसविण्याच्या कामीं येत राहिला, आणि इकडे रोग्यांचे हातपाय बांधून त्यांचे अवयव कापले जात राहिले. अखेर अमेरिकेंतील हार्टफर्ड गांवच्या होरेस वेल्स नामक दंतवैद्यानें, असाच एक खेळ पाहून दुसरे दिवशीं, ११ डिसेंबर १८४४ रोजीं, स्वतः तो वायु हुंगला व आपल्या सहव्यवसायी मित्राकडून स्वतःची दाढ उपटून घेतली. त्याला वेदना झाली नाहीं. पुढच्याच महिन्यांत बॉस्टन येथें त्यानें हा प्रयोग चारचौघांत करून दाखविला, तेव्हां रोगी ओरडला आणि पाहणारांनीं वेल्सला लबाड ठरविलें. १८४६ सालीं त्याच शहरांत ईथरचा प्रयोग यशस्वी होऊन कीर्ति दुसऱ्याच्या पदरांत पडली, आणि १८४८ सालीं वेल्सनें न्यूयॉर्कच्या तुरुंगांत आत्महत्या केली. ज्यानें जगाचें दुःख हलकें करण्यासाठीं प्रथम स्वतःचा जबडा पुढें केला, त्याच्या वांट्यास हें यावें, याचा विषाद वाटल्यावांचून राहत नाहीं.

परंतु दुःख हरण करण्याला केवळ उदासीनतेचाच विरोध होता असें नाहीं, धर्मबुद्धीचाहि होता. स्कॉटलंडांत सिंप्सननें १८४७ सालीं प्रसूतींत क्लोरोफॉर्म देण्यास आरंभ केला, तेव्हां देवानें नेमून दिलेलें दुःख मनुष्यानें टाळूं नये असा आक्षेप निघाला, आणि देवानेंच आदमला गाढ निद्रा आणून मग त्याची फांसळी काढली, असें बायबलांतील उत्तर सिंप्सनला द्यावें लागलें. आपल्याकडेहि या आक्षेपाचा सूक्ष्म आकार सांपडतो. शंकराचार्यांच्या नांवावर असलेल्या विवेकचूडामणींत तितिक्षेचें लक्षण सांगतांना, सर्व दुःखें प्रतीकार न करतां व चिंता-विलाप न करतां सोसणें, असें म्हटलें आहे. बधिर करणाऱ्या औषधाची सुई हा प्रतीकार नव्हे तर काय? मग सुई टोंचून घेणारानें तितिक्षेचा हक्क गमावला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. गीतेच्या सतराव्या अध्यायांत मूढ आग्रहानें देहाला पीडा देऊन केलेल्या तपाला तामस म्हटलें आहे. जें दुःख सहज टळण्यासारखें आहे तें ओढवून घेऊन त्याची मिरवणूक काढणें, हें तितिक्षेपेक्षां या तामस तपाच्याच अधिक जवळचें आहे. शिवाय लक्षणांत चिंता व विलाप हे दोन शब्द आहेत, तेहि विसरतां येत नाहींत. आम्ही दोन वर्षें प्रतीकार केला नाहीं हें खरें. पण चिंता आणि विलाप यथेच्छ केला.

शस्त्रक्रियेची तयारी म्हणजे धैर्य गोळा करणें, अशी आमची समजूत होती. डॉक्टरांनीं धैर्याविषयीं एक अक्षरहि काढलें नाहीं. रक्तदाबाचीं औषधें कोणतीं चालू आहेत, रक्त पातळ करणारी एखादी गोळी घेतां काय, मधुमेह आहे काय, पूर्वीं दांत काढतांना रक्त थांबण्यास वेळ लागला होता काय, तंबाखू खातां काय, हे त्यांचे प्रश्न. केवळ जबडा बधिर करावयाचा असल्यानें उपाशीं येऊं नका, जेवून या, आणि सोबत कोणीतरी आणा, हा त्यांचा उपदेश. (संपूर्ण बेशुद्ध करावयाचें असेल तर नियम अगदीं उलट, म्हणजे पोट रिकामें ठेवण्याचा असतो.) घरच्या मंडळींनीं मऊ भात, पेज, ताक यांची सिद्धता केली. खुर्चीवरील पाऊण तासाविषयीं सांगण्यासारखें फारच थोडें आहे. सुईची टोंचणी, मग अर्धा ओंठ दुसऱ्या कोणाचा तरी झाल्यासारखा जड, मग करकर आवाज आणि दाब. शेजारच्या खोलींत सुतारकाम चाललें आहे आणि तिकडे आपलें फारसें लक्ष नाहीं, असा तो अनुभव होता. दाढेचे दोन तुकडे करून ते काढले, दोन टांके घातले, आणि कापसाची घडी दांतांत घट्ट धरावयास सांगून आम्हांस घरीं पाठविलें. संध्याकाळीं शेजारपाजारचीं माणसें समाचारास आलीं, सुजूं लागलेला गाल पाहून हळहळलीं, आणि “धीराचे हो तुम्ही!” असें म्हणालीं. आम्ही मान हालविली. ती नकारार्थी हालविली असें मात्र म्हणवत नाहीं.

धीराची खरी गरज पुढें होती, आणि ती अशा ठिकाणीं कीं जेथें तिला धीर म्हणण्याचें कोणाच्या ध्यानींहि येऊं नये. दाढ निघाल्यावर हाडांत खळगा राहतो. तो रक्तानें भरतो, आणि त्या रक्ताची गुठळी बनते. ही गुठळी म्हणजेच निसर्गानें घातलेलें झांकण. तिच्याखालीं हळूहळू नवें मांस व पुढें हाड भरून येतें. रोग्यानें करावयाचें म्हणजे त्या झांकणाला न छेडणें. पहिला दिवसभर चूळ भरूं नये, थुंकूं नये, नळीनें ओढून कांहीं पिऊं नये, कढत खाऊं नये, धूम्रपान करूं नये, जिभेनें टांके चांचपूं नयेत. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचें पाणी तोंडांत नुसतें धरून अलगद सोडून द्यावें. सूज दोनतीन दिवस वाढते व मग उतरते, तिला भिऊं नये. ही सगळी नकारांची माळ आहे. ज्याला कांहींतरी करून दाखविण्याची संवय आहे, त्याला कांहीं न करण्याचें हें व्रत किती कठीण जातें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. त्यांतहि चुळीचा नियम आमच्यासारख्यांना विशेष जड. तोंडांत घांस गेला कीं खळखळून चूळ, झोंपेंतून उठलों कीं चूळ, बाहेरून आलों कीं चूळ; लहानपणीं आजीनें लावलेलें हें वळण आतां विचाराला वाट न पुसतां हातून घडतें.

तें दुसऱ्या दिवशीं पहाटे घडलें. रक्तानें तोंड कडवट झालें होतें. आम्ही मोरीशीं उभे राहिलों, आणि तांब्या खालीं ठेवीपर्यंत तीन वेळां खळखळून चुळा टाकल्या होत्या. तिसऱ्या चुळेबरोबर कांहीं काळसर पडलेलें दिसलें. आम्हीं वर पाणी ओतलें व कोणाला कांहीं सांगितलें नाहीं.

तिसऱ्या रात्रीं दुःख सुरू झालें, आणि तें कानापर्यंत व कानशिलापर्यंत गेलें. दाढ काढण्यापूर्वींचें दुखणें त्यापुढें कांहींच नव्हतें. गुठळी निघून गेली म्हणजे खळग्यांतील हाड उघडें पडतें आणि असा प्रकार होतो. तो बहुधा तिसऱ्याचौथ्या दिवशींच सुरू होतो. चौथ्या दिवशीं सकाळीं डॉक्टरांनीं खळगा पाहिला आणि साधेपणानें विचारलें, “पहिल्या दिवशीं चूळ भरली होतीत काय?” आम्हीं म्हटलें, “नाहीं.”

हें उत्तर आमच्या तोंडून इतक्या लवकर गेलें कीं, त्याचें आम्हांसच आश्चर्य वाटलें. डॉक्टर रागावण्यासारखे नव्हते. खरें सांगितल्यानें उपचारांत फरक पडणार नव्हता. चूळ न भरणाऱ्यांनाहि हा विकार होतो, हें त्यांनींच पुढें सांगितलें. मग असत्य कां बोललों? पुष्कळ विचार केल्यावर आम्हांस जें कारण दिसतें, तें शरमेहून निराळें आहे. तीन दिवस घरचीं माणसें आमच्याभोंवतीं वावरत होतीं, गाल शेकायला बर्फ आणीत होतीं, रात्रीं उठून पाणी देत होतीं. आणि आमचें दुःख हें दैवानें आलेलें, आमच्या दोषावांचून आलेलें, म्हणूनच आदराला पात्र, असें त्यांच्या वागण्यांत गृहीत होतें. चुळीची गोष्ट उघड होतांच वेदना तेवढीच राहिली असती, पण तिची प्रतिष्ठा गेली असती. दुःख निष्कलंक असावें अशी मनुष्याची इच्छा असते. नशिबानें पाडलें तर तो वीर; स्वतःच्या पायांत पाय अडकून पडला तर हंसण्याचा विषय. हाड मात्र दोघांचें सारखेंच मोडतें. आम्ही दुःख सोसत होतों खरे, पण त्या सोसण्याचा मोबदला उचलीत होतों, आणि तो बुडूं नये म्हणून खोटें बोललों.

यावरून आमच्या प्रश्नाचें उत्तर निदान आमच्यापुरतें असें ठरतें कीं, वेदना होणें यांत श्रेय कांहींच नाहीं. ती दोषी व निर्दोषी दोघांच्याहि दाढेंत सारखीच उठते. खुर्चीवरच्या पाऊण तासांत आमचें श्रेय नव्हतें. तें रसायनशास्त्राचें होतें. श्रेयाची जागा एक त्या पहाटे मोरीशीं होती, जेथें पाहणारें कोणी नव्हतें. आणि दुसरी त्या “नाहीं” या शब्दाच्या जागीं. दोन्ही ठिकाणीं आम्ही गैरहजर होतों. वाचकांपैकीं कोणी म्हणेल, एका चुळीवर एवढें नीतिशास्त्र कशाला? पण लहान गोष्टींतील असत्यच आम्हांस अधिक तपासण्यासारखें वाटतें, कारण त्याला मोठ्या गरजेची सबब सांगतां येत नाहीं.

डॉक्टरांनीं खळगा धुऊन त्यांत लवंगेच्या तेलाच्या वासाची औषधी पट्टी भरली. तासाभरांत ठणका निम्म्यावर आला. दोन दिवसांनीं पट्टी बदलावयास गेलों, तेव्हां खुर्चीवर बसण्यापूर्वींच आम्हीं त्यांना चुळीची हकीकत सांगितली. ते हातमोजे चढवीत होते. “बरें,” ते म्हणाले, “आतां तोंड उघडा.” घरीं सांगण्यास मात्र आम्हांस आणखी चार दिवस लागले, आणि तोंवर सूज पुरती उतरली होती.