जोंगा खुशाल घ्या, तो रंग मात्र नको

गोंदियाहून बालाघाटकडे निघाले की शहर मागे पडताच नागरा लागते. प्राचीन शिवमंदिराचे, भातशेतीचे गाव. हाच रस्ता पुढे जबलपूरला जातो, आणि जबलपूर म्हणजे लष्करी गाड्यांचे माहेर. शक्तिमान ट्रक, निसान वन-टन, जोंगा या सगळ्या तिथल्याच. जवळपास चार लिटरचे पेट्रोल इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह आणि जाड पत्रा असलेली जोंगा पावसाळ्यातल्या चिखलवाटांवर कुणालाही हवीशी वाटेल.

कायद्याने ती घेता येते. लष्कर बाद झालेल्या गाड्यांचा लिलाव करते आणि सामान्य माणूसही त्या विकत घेऊ शकतो. अडचण गाडी घरी आणल्यावर सुरू होते.

लष्करात असताना गाडीवर आरटीओची नंबरप्लेट नसते. तिथे असतो वर टोक असलेला बाण, वर्षाचे आकडे, अक्षर आणि क्रमांक. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 60 नुसार ही नोंदणी संरक्षण खात्याची स्वतंत्र. मालकी सरकारकडून गेली की हे कवच संपते आणि गाडीला इतर वाहनांसारखीच नोंदणी घ्यावी लागते. नागऱ्याच्या मालकाला एमएच 35 ची पाटी हवी, तर लष्कराने दिलेले फॉर्म 21 मधले मूळ विक्री प्रमाणपत्र लागते. लिलावात गाडी घेणारा व्यापारी पुष्कळदा नोंदणी न करताच ती पुढे विकतो. तिसऱ्या माणसाच्या हाती येते ती गाडी आणि कागदाची धूसर झेरॉक्स. चासीवर ठोकलेला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक यांत एका आकड्याचा फरक निघाला, तरी प्रकरण अडकते.

पेट्रोल परवडत नाही म्हणून डिझेल इंजिन बसवणारेही कमी नाहीत. परवानगीशिवाय असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

रंगाचा नियम मात्र अगदी स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 121 सांगतो की संरक्षण खात्याखेरीज कुणाचेही वाहन ऑलिव्ह ग्रीन रंगाचे असू नये. हौशी मंडळींना नेमका हाच नियम जाचतो. गाडी लष्करी, मग रंग का नको? उत्तर मुंबईने 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री पाहिले. कामा रुग्णालयाजवळ दहशतवाद्यांनी पोलिसांची क्वालिस पळवली आणि तीच गाडी चालवत मेट्रो चौकात जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या. पोलिसांची गाडी येताना दिसली तर कुणी आडोसा शोधत नाही. गोंदिया-गडचिरोलीने नक्षलवादाची वर्षे सोसली आहेत. इथे जंगलाच्या रस्त्यावरची हिरवी गाडी खरी कुणाची, हा प्रश्न जिवाशी येऊ शकतो. म्हणून या नियमात सवलत नको, मग मालक माजी सैनिक का असेना.

इतर देशही मर्यादा घालतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 2014 पासून हमव्ही लिलावात काढल्या, त्या रस्त्याबाहेरच्या वापरापुरत्या. जर्मनीत 2015 साली एका घराच्या तळघरातून दुसऱ्या महायुद्धातला पँथर रणगाडा बाहेर काढावा लागला. मालकाला 2021 मध्ये अडीच लाख युरोंचा भुर्दंड बसला.

भारताने 2021 मध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. नवी नोंदणी 20,000 रुपयांत होते, पण गाडी प्रदर्शन, रॅली अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. जपणुकीसाठी ही सोय चांगली, शेतीच्या कामाला निरुपयोगी. वापरासाठी गाडी घेणाऱ्याला साधी नोंदणीच लागणार, आणि ती सुकर करणे सरकारच्या हातात आहे. लिलावाच्या दिवशीच चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि निर्मितीचे वर्ष 'वाहन' प्रणालीत चढवावे, बाण असलेली पाटी तिथेच काढून घ्यावी आणि रंग बदलल्याशिवाय गाडी डेपोच्या फाटकाबाहेर सोडू नये. तोवर घेणाऱ्यांनी एवढे करावे: फॉर्म 21 ची मूळ प्रत हाती येईपर्यंत आणि चासीवरचा क्रमांक स्वतः ताडून पाहीपर्यंत व्यापाऱ्याला विसारही देऊ नये.