आळशी कोणाला म्हणावे?

शिक्षकाच्या तोंडी 'आळशी' हा शब्द सहज येतो. पण तो नुसता शेरा नाही, निवाडा आहे. ज्याला जमते आणि जो करीत नाही, तो आळशी. ज्याला प्रयत्न करूनही जमत नाही, त्याला हाच शब्द लावणे हा अन्याय होय. मग यांपैकी खरे कोणते, हे न तपासता निवाडा द्यावा काय?

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाची हकीकत दिली. मुलगा बुद्धिमान, गणितात बरा, खेळात चपळ. परंतु अनेक वर्षे शिकवूनही साधे शब्द त्याला वाचता येत नसत. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते. त्या मास्तरांनी मुलाकडे नीट पाहिले होते.

आपल्या सीमाभागात हे पाहणे अधिक अवघड आहे. घरी मराठी, बाजारात कन्नड, पुस्तकात इंग्रजी. त्यामुळे मूल मागे पडले की 'भाषेचा गोंधळ' म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळदा ते खरेही असते. मात्र अडचण केवळ परक्या भाषेची असेल, तर शिकवल्यावर घरच्या भाषेत मूल वाचू लागते. अध्ययन-अक्षमता असेल, तर ती सहसा दोन्हीकडे आडवी येते. मराठीत जोडाक्षर अडते, कन्नडात ओत्तक्षर. 'कि'ची वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची मागाहून, हे बरोबरीच्या मुलांना अंगवळणी पडले तरी याचे चुकतच राहते. तोंडी हिशेब बरोबर, वहीत आकडे उलटसुलट. गोष्ट ऐकवली तर मात्र अर्थ नेमका सांगतो.

एवढ्यावरून निदान होत नाही. आधी डोळे आणि कान तपासावेत. निदान तज्ज्ञांनी करावे. शिक्षकाने नोंद ठेवावी आणि पालकांना विश्वासात घ्यावे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात ही अक्षमता नव्हती. २०१६ च्या कायद्याने ती २१ प्रकारांत घेतली आणि शाळांनी ती लवकरात लवकर ओळखावी, अशी अपेक्षा ठेवली.

एकाला परीक्षेत जादा वेळ दिला तर इतरांवर अन्याय नाही का, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण इतिहासाची परीक्षा इतिहासाचे ज्ञान मोजते की वाचनाचा वेग? चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याला आपण सवलत घेतली असे म्हणत नाही. दुसरा आक्षेप असा की, अक्षमतेचे नाव दिल्याने मुलावर शिक्का बसतो. ही भीतीही खोटी नाही. पण 'ढ' आणि 'आळशी' हे शिक्के त्याच्यावर कधीच बसलेले असतात, आणि त्यांतून मदतीची वाट निघत नाही.

म्हणून प्रगतिपुस्तक हाती आले की पालकांनी गुणांच्या आधी एवढे पाहावे: मूल तोंडी काय सांगते आणि कागदावर काय उतरते? दोहोंत मोठे अंतर दिसले, तर शिकवणी लावण्यापूर्वी शाळेत येऊन वर्गशिक्षकांशी बोलावे.